कोमट दुधातली बावीस अंडी

मला एका जागी बसवत नाही. माहेरी, हिंगोलीत, आई म्हणायची की हिच्या पायाला भिंगरी आहे. सासर कुरुंद्याच्या पुढच्या एका गावात. तिथे सासूबाई म्हणायच्या, "बस की जरा, काहून फिरून राहिली?" दुसऱ्या खेपेला दिवस गेले तेव्हा तर हे फिरणं हाताबाहेर गेलं. स्वयंपाकघरातून ओसरीवर, ओसरीवरून अंगणात, अंगणातून गोठ्यात, आणि गोठ्यापाशी पोचले की आपण इथे कशाला आलो तेच आठवायचं नाही.

कारण होतं पहिल्या खेपेचं. पाचव्या महिन्यात सगळं संपलं होतं. मी तेव्हा एका खाजगी शाळेत पाचवी-सहावीला विज्ञान शिकवायचे आणि शाळेत स्कूटीवरून जायचे. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं की स्कूटीचा काही संबंध नाही, कधी कधी असं होतं, कारण सापडत नाही. गावाला मात्र कारण लगेच सापडलं. हळदीकुंकवाला गेले तरी स्कूटीचा विषय, पिठाच्या गिरणीवर गेले तरी स्कूटीचाच. सासूबाई तसलं काही बोलल्या नाहीत. त्या मुळात काहीच बोलल्या नाहीत. दीड वर्ष आमच्यात नळाला पाणी आलं का आणि भाजीत मीठ पडलं का, एवढंच बोलणं. मला वाटायचं, यापेक्षा चार शिव्या घातल्या असत्या तर मोकळं तरी झालं असतं.

दुसऱ्या खेपेला मी शाळा सोडली, स्कूटी आंब्याखाली झाकून ठेवली आणि घरात बसले. म्हणजे फिरत राहिले. सहाव्या महिन्यातल्या तपासणीत रक्त आठावर आलं. सासूबाई सोबत होत्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गोळ्या चुकवू नका. डाळी, पालेभाज्या, गूळ-शेंगदाणे खा. आणि चालत असेल तर अंडी." 'चालत असेल तर' म्हणताना त्यांची नजर सासूबाईंच्या गळ्यातल्या तुळशीच्या माळेवर गेली. सासूबाईंनी माळ पदराखाली घेतली आणि खिडकीबाहेर बघत बसल्या.

आमच्या घरात सासरे माळकरी आणि सासूबाईही माळकरी. अंडं घरात येणं दूरच, अंगणवाडीच्या ताईंनी एकदा पोषण आहाराचा तक्ता दिला होता, त्यावर कोपऱ्यात उकडलेल्या अंड्याचं चित्र होतं. सासऱ्यांनी तो तक्ता तोंड भिंतीकडे करून टांगला होता. माझा नवरा वारंगा फाट्यावर स्पेअर पार्टच्या दुकानात काम करतो. तिथल्या गाड्यावर आम्लेट खाऊन, वर मूठभर बडीशेप चावून तो घरी यायचा आणि आईसमोर तोंड उघडताना श्वास रोखून बोलायचा. मी लग्नानंतर अंडं सोडलं होतं. श्रद्धेने नव्हे, भांडण नको म्हणून. त्यामुळे डॉक्टरीणबाईंचं बोलणं मी दवाखान्यातच सोडून आले.

सासूबाईंनी ते सोडलं नव्हतं, हे मला पुढे कळलं.

माघ सरत आला होता. शेतात हळद काढणं चालू होतं, सासरे दिवस उजाडायच्या आत शेतावर जायचे. एका पहाटे मी नेहमीसारखी उगाचच गोठ्याकडे गेले, तर सासूबाई म्हशीच्या आडून म्हणाल्या, "इकडं ये. आवाज करू नको."

त्यांच्या हातात स्टीलचा पेला होता. पेल्यात नुकतं तापवून खाली उतरवलेलं दूध, त्यात हळद, आणि समोर दगडावर एक गावरान अंडं. अंड्याला बारीकसं पीस चिकटलेलं होतं. ते त्यांनी पदराने पुसलं. मला हसावं की रडावं कळेना. साठीला आलेली ही बाई आयुष्यात पहिल्यांदा अंडं हातात घेत होती आणि ते कुठून फुटतं हे तिला माहीत नव्हतं. तिने ते पाण्याच्या टाकीच्या काठावर असं आपटलं की निम्मं कवच दुधात पडलं. मग बोट घालून एकेक तुकडा बाहेर काढला.

"आत्या, हे काय?" मी विचारलं. आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात.

"नाक दाब अन् एका दमात पी."

"पण तुमची माळ?"

"माळ माझ्या गळ्यात हाय, तुझ्या न्हाई. अन् शिजवलं कुठं मी? चुलीवर चढवलं असतं तर चूल बाटली असती. घरात वास सुटला असता. हे कच्चंच हाय. कच्चं म्हंजी दुधातच गेलं. पैलवान न्हाई का पित?"

हा हिशोब त्यांनी स्वतःच्या मनाशी किती दिवस जुळवला असेल कोण जाणे. चूल बाटू द्यायची नाही, नवऱ्याला वास येऊ द्यायचा नाही, आणि सुनेच्या अंगात रक्त तर आलं पाहिजे. या तिन्हीतून एकच वाट निघत होती आणि ती कच्च्या अंड्याची होती. मी विज्ञान शिकवलेली बाई. पाणी उकळून का प्यावं, हे मी फळ्यावर चित्र काढून सांगितलेलं. पण त्या क्षणी मला फक्त एवढं दिसलं की दीड वर्ष माझ्याशी न बोललेली ही बाई माझ्यासाठी हात बरबटून उभी आहे. मी नाक दाबलं आणि प्याले. गिळगिळीत घोट घशाखाली उतरताना पोटातून उमळून आलं, पण मी तो बाहेर येऊ दिला नाही.

पेला धुऊन झाल्यावर सासूबाई न्हाणीत गेल्या आणि पुन्हा अंघोळ केली. थंड पाण्याने. बंब पेटवला असता तर पहाटे दोनदा अंघोळ काहून, असं कुणी विचारलं असतं.

मग हे रोजचं झालं. अंडं यायचं मागच्या भिंतीवरून. भिंतीपलीकडे बांगड्यावाल्या चाचीचं घर. चाचीचा नवरा आठवडी बाजारांत बांगड्या विकतो आणि चाची घरी कोंबड्या पाळते. सासूबाई आणि ती, दोघींचं तीस वर्षांचं सूत. चाची भिंतीवर झाकलेली वाटी ठेवून खाकरायची, सासूबाई ती पदराआड आणायच्या. मी पेला संपवेपर्यंत त्या म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहायच्या आणि त्या वेळात बोलायच्या. काय काय बोलायच्या! त्यांच्या लग्नातलं, त्यांच्या सासूचं, सिद्धेश्वरच्या धरणाचं पाणी पहिल्यांदा पाटाला आलं तेव्हा त्या कशा बघायला गेल्या होत्या त्याचं. दिवसभर पुन्हा मीठ-पाण्याचंच बोलणं, पण गोठ्यात आम्ही दोघी वेगळ्याच होतो.

एकदा त्या म्हणाल्या, "मला बी एक गेलं व्हतं. तुझ्या नवऱ्याच्या आदी."

मी पेला खाली केला. हे मला कुणीच सांगितलं नव्हतं, नवऱ्याला तरी माहीत होतं की नाही, देव जाणे.

"मग आत्या, तुम्ही काय केलं?"

"काय करणार? दुसऱ्या दिशी शेतात निंदायला गेले. मला कुनी काय खायाला घातलं न्हाई. पी, गार व्हईल."

त्या दिवसापासून मला ते दूध कडू लागेनासं झालं. खरं सांगते, मी पहाटेची वाट बघायला लागले. मी मोजतही होते. अस्वस्थ माणसाला मोजायची खोडच असते. पोटातल्या लाथा मोजायचे, गोळ्या मोजायचे, अंडी मोजायचे. एकोणीस झाली, त्या दिवशी उपकेंद्रात तपासणी होती.

उपकेंद्राच्या ओसरीवर आम्ही सात-आठ पोटुशा बसलो होतो. नर्सताई वजन घेत होत्या आणि प्रत्येकीला काय खाते ते विचारत होत्या. माझं वजन बऱ्यापैकी वाढलं होतं. त्यांनी कौतुकाने विचारलं, "काय चाललंय खाण्यात?" मी इकडेतिकडे पाहिलं, आमच्या गल्लीतलं कुणी नव्हतं, आणि हळूच पण जरा मिरवतच म्हणाले, "रोज एक अंडं. दुधातून."

"छान. दुधातून म्हणजे?"

"गरम दुधात फोडून."

नर्सताईंचा पेन थांबला. "दूध गॅसवर असताना की खाली उतरवल्यावर?"

"उतरवल्यावर. पेल्यात."

"त्या दुधात बोट बुडवता येतं का?"

सासूबाईंचं कवच शोधणारं बोट माझ्या डोळ्यांसमोर आलं. मी म्हणाले, "येतं."

"मग त्यात अंडं शिजत नाही. कच्चं अंडं पिताय तुम्ही." त्या रागावल्या नव्हत्या, पण आवाज खाली आणून माझ्याजवळ सरकल्या. "हे बघा, कच्च्या अंड्यात जंतू असू शकतात. आतही आणि कवचावरही. प्रत्येकात असतात असं नाही. पण लागलं तर जुलाब, उलट्या, ताप. या दिवसांत तुमची ताकद कमी पडते, अंगातलं पाणी जातं, कधी पोट आवळून वेळेआधी कळा येऊ शकतात. अंडं चांगलंच आहे, पण पूर्ण उकडून. आतलं पिवळं घट्ट झालं पाहिजे, वाहता कामा नये. गावरान असलं तरी तेच."

"त्यात हळद असते," मी म्हणाले. हे वाक्य माझ्या तोंडून कसं निघालं, मला आजही लाज वाटते.

"हळद असते, उकळी नसते. आजपासून बंद. आणि पोटात काही झालं, ताप आला, तर घरात थांबू नका."

मी उठले आणि चालत सुटले. वजनाच्या काट्याजवळ माझी चप्पल राहिली, ती घ्यायला परत आले आणि पुन्हा सुटले. पोटावर हात, आणि मनात एकच, एकोणीस. पाचवीच्या पुस्तकातला जंतूंचा धडा मला पाठ होता. लेकरांना मी सांगायचे, डोळ्यांना दिसत नाही म्हणून नाही असं समजू नका. आणि स्वतः पीस चिकटलेलं अंडं पदराने पुसलेलं बघून गप्प प्याले. कुणावर रागावू? सासूबाईंवर रागावायला जावं तर पहाटेची ती अंघोळ आठवायची. स्वतःवर रागावले, आणि तो राग काही केल्या उतरेना.

गल्लीच्या तोंडाशी चाची भेटली. माझा चेहरा बघून तिने हात धरला. "काय गं, काय झालं? लेकरू बराबर हाय ना?"

मी सांगितलं. चाचीने तोंडावर हात ठेवला. "कच्चा? या अल्ला! मी समजले भाबी उबालून देऊन राहिली. मी तर ताजा ताजा म्हणून कोंबडीखालून उचलून देत व्हते, धुवत बी नव्हते. चल, मी आत्ताच सांगते भाबीला."

"नको चाची."

"नको काहून?"

"मी सांगते. तुम्ही नका सांगू. फक्त अंडं देत राहा, नाहीतर त्यांना कळेल."

चाचीला ते पटलं नव्हतं, पण माझा हात तिने सोडला.

मी सांगणार होते. खरंच सांगणार होते. संध्याकाळी सासूबाई भाकरी थापत होत्या तेव्हा मी तीन वेळा चुलीपाशी जाऊन आले. मला दोष म्हणजे काय ते माहीत होतं. दीड वर्ष मी तो पाठीवर घेऊन गिरणीवर जात होते. आता हे लेकरू हाललं नाही, काही कमीजास्त झालं, तर या बाईने तो दोष मरेपर्यंत वाहिला असता. आणि काही झालंच नाही, तर कशाला सांगायचं? असं मी स्वतःला पटवत होते. खरी गोष्ट याहून साधी होती. मला ती पहाट हातची घालवायची नव्हती. सांगितलं असतं तर गोठ्यातलं बोलणं बंद झालं असतं आणि आम्ही पुन्हा मीठ-पाण्यावर आलो असतो. भित्री होते मी, दुसरं काय.

दुसऱ्या दिवशी पहाटे पेला हातात आला. "आत्या, जरा बाहेर बघा, कुणी आलं वाटतं," मी म्हणाले. त्या दाराशी गेल्या तेवढ्यात मी दूध वासराच्या पुढ्यातल्या घमेल्यात ओतलं, वर मूठभर कडबा टाकला. त्या परत आल्या, रिकामा पेला पाहिला, समाधानाने घेतला आणि न्हाणीत गेल्या. थंड पाणी अंगावर पडल्याचा आणि त्यांचा श्वास अडकल्याचा आवाज मी ऐकला. फाल्गुनातलीही पहाट आमच्याकडे अंगावर काटा आणते.

तीन पहाटा मी असं केलं. दिवसभर फिरत राहिले. उजव्या कुशीवर झोपून लाथा मोजल्या, मग डाव्या. नवरा फाट्यावरून फोन करून विचारायचा, "काय चाललंय?" मी म्हणायचे, "काही नाही." त्याला सांगावं तर तो आईला सांगणार, याची खात्री.

तिसऱ्या दिवशी दुपारी पोटात मुरडा आला. आधी वाटलं, भीतीनेच आलाय. मग जुलाब सुरू झाले, मग उलटी, आणि ऊन उतरायच्या आत अंगात ताप भरला. पोट दगडासारखं आवळायचं आणि सुटायचं. सासरे शेतातून आले होते, त्यांनी शेजाऱ्याची गाडी काढायला लावली. वसमतला जाईपर्यंत सासूबाईंनी माझं डोकं मांडीवर धरलं होतं आणि ओल्या पदराने कपाळ पुसत होत्या. मी लाथेची वाट बघत होते. रस्त्याला खड्डे इतके, की लाथ कुठली आणि खड्डा कुठला हे कळेना.

दवाखान्यात सलाईन लावलं. डॉक्टरीणबाई आल्या, पोटावर यंत्र फिरवलं. खरखर, खरखर, आणि मग ते घोड्याच्या टापांसारखं ठकठक सुरू झालं. मी रडायला लागले. त्या म्हणाल्या, "ठोके आहेत, थोडे जलद आहेत, तुमच्या तापामुळे. आधी तुमचं पाणी भरून काढू. आता सांगा, गेल्या चार-पाच दिवसांत काय खाल्लं? बाहेरचं, शिळं, कच्चं काही?"

खाटेच्या पायथ्याशी सासरे उभे होते. उशाशी सासूबाई. सासऱ्यांच्या अंगात अजून हळदीच्या मातीने माखलेला सदरा होता, आणि गळ्यातली माळ बाहेर आली होती.

"नाही," मी म्हणाले. "घरचंच. भाजी-भाकरी."

"नक्की? मला खरं कळलं तर औषध नीट देता येईल."

"नक्की."

आणि माझ्या डोक्यावरून आवाज आला, "कच्चं अंडं."

डॉक्टरीणबाईंनी मान वर केली.

"कच्चं अंडं, दुधातून. मीच दिलं. बावीस दिस." सासूबाईंचा आवाज कापत नव्हता. पाणी आलं का विचारताना जसा असायचा तसाच होता. "तिचं काय बी न्हाई त्यात. ती नको म्हणत व्हती. मी माझ्या हातानं फोडून पाजलं. घरातल्या कुनाला म्हाईत न्हाई. आता लेकरासाठी काय करायचं ते करा."

नको कधी म्हणाले होते मी? सासऱ्यांनी बायकोकडे पाहिलं. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी तिच्याकडे असं कधी पाहिलं नसेल. मग ते वळून बाहेर निघून गेले. सासूबाई दाराकडे बघत राहिल्या, आणि त्यांचा हात आपोआप गळ्याशी गेला.

डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, "सांगितलंत ते फार बरं केलंत. अंड्यानेच झालं असं मी आत्ता ठामपणे म्हणू शकत नाही, तपासणी करू. पण शक्यता आहे." त्यांनी लिहून दिलं, नर्सला काहीतरी सांगितलं आणि दुसऱ्या खाटेकडे गेल्या.

अर्ध्या तासाने सासरे परत आले. हातात दोन नारळ होते. एक माझ्यासाठी आणि एक सासूबाईंच्या हातात दिला. "पी," म्हणाले. "सकाळपासून काय खाल्लं न्हाई तू बी." सासूबाई तो नारळ धरून तशाच बसून राहिल्या, त्यांनी तो प्यायला फार वेळ लावला.

चार दिवसांनी ताप गेला. पोट आवळणं थांबलं. लेकरू हालत राहिलं. मी घरी आले, तर मागच्या अंगणात तीन दगडांची चूल मांडलेली आणि तिच्यावर एक जुनं पातेलं. पुढ्यात सासरे उकिडवे बसलेले. पातेल्यात एकच अंडं खदखदत होतं. आमच्याकडे हळद शिजली की नाही ते काडी टोचून बघतात. काडी सहज आत गेली म्हणजे झाली. सासऱ्यांचा त्यात हात धरणारा गावात कुणी नाही. तेच त्यांनी अंड्याला करून पाहिलं. अंडं तडकलं, पांढरं बाहेर आलं, आणि ते घाबरून मागे सरले. तरी त्यांनी उतरवलं नाही, आणखी दोन ढलप्या सारल्या. इतकं शिजवलं की आतलं पिवळं काळसर हिरवं पडलं.

"घरात एवढी आग असताना लेकराला कच्चं पाजलं," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "आपण हळद सुद्धा कच्ची विकत न्हाई." ते अंडं रबरासारखं झालं होतं. मी शेवटच्या कणापर्यंत खाल्लं.

नऊ महिने पुरे भरून मुलगी झाली. आता ती दोन वर्षांची आहे आणि माझ्यापेक्षा जास्त फिरते. भिंतीकडे तोंड केलेला तक्ता कुणीतरी सरळ केला आहे, कुणी केला, ते कोणी बोलत नाही. मागच्या अंगणातली चूल कायमची झाली. सासूबाईंनी अजून अंडं चाखलेलं नाही, पण नातीचं अंडं त्याच सोलतात. आधी मधोमध फोडून उजेडात धरतात, पिवळं कोरडं आहे का ते बोटाने दाबून बघतात, मगच तिच्या हातात देतात. आणि त्यानंतर अंघोळ करत नाहीत.

मला मात्र त्या तीन पहाटा गप्प बसू देत नव्हत्या. सासूबाई आपलं व्रत मोडत होत्या, थंड पाण्याने अंघोळ करत होत्या, आणि मी ते दूध वासराला घालत होते. मला माहीत असूनही मी गप्प राहिले, आणि दवाखान्यात सगळं त्यांनी एकटीने अंगावर घेतलं. हे सांगितल्याशिवाय माझी सुटका नव्हती. गेल्या महिन्यात एका सकाळी त्या अंडं सोलत बसल्या होत्या. मी तीन वेळा आत-बाहेर केलं आणि चौथ्या वेळी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले.

"आत्या, मला काही सांगायचंय. तेव्हा शेवटचे तीन दिवस मी प्याले नव्हते. नर्सताईंनी बंद करायला सांगितलं होतं. मी तुम्हाला सांगितलं नाही. मी ते—"

"वासराच्या घमेल्यात ओतलं," त्या म्हणाल्या. "म्हाईत हाय मला. कडबा वला दिसला."

"पहिल्याच दिवशी?"

"पहिल्याच दिशी."

"मग तुम्ही देत काहून राहिलात?"

त्यांनी कवचाचा एक तुकडा निघत नव्हता तो नखाने काढला. "वाटलं, किळस आली आसल. उद्या पिशील. रक्त कमी व्हतं तुझं."

"पण मग डॉक्टरीणबाईंना बावीस काहून सांगितलं? मी तर एकोणीसच प्याले होते."

"तू किती पेली ते तू सांगायचं व्हतं, तू सांगितलं न्हाई," सासूबाई म्हणाल्या. "मी फोडले बावीस. फोडले तेवढे सांगितले."

अंडं मधोमध फोडून त्यांनी उजेडात धरलं. माझी मुलगी दोन्ही हात पसरून समोर उभी होती, आणि त्या अजून पिवळं दाबून बघत होत्या.